शो संपला, सीडी घ्या!

कानात ड्रम्स अजून घुमतायत, घसा बसलाय आणि दहा मिनिटांपूर्वी संपलेल्या त्याच शोची सीडी तुमच्या हातात! २००३ मध्ये अमेरिकेत या धंद्यानं जोर धरला. चाहते खूश, बँड खूश. मग एक बडी कंपनी म्हणाली, ही आयडिया फक्त आमची! पुढे काय झालं?

कॉन्सर्टमधून बाहेर पडल्यावरची पहिली पंधरा मिनिटं आपण सगळेच थोडे वेडे असतो. बोलायला जावं तर आवाज फुटत नाही. पार्किंगमध्ये अनोळखी माणसाला टाळ्या देत ‘ते शेवटचं गाणं काय वाजवलं ना!’ असं चाललेलं असतं. या पंधरा मिनिटांत कोणी समोर टी-शर्ट धरला तर आपण साइझही न बघता घेतो. पोस्टर, टोपी, की-चेन, काहीही. दोन दिवसांनी सोमवार उजाडतो, ऑफिसात मेल्सचा ढीग पडलेला असतो आणि तो टी-शर्ट कपाटाच्या तळाशी जातो.

आता विचार करा, त्या पंधरा मिनिटांत टी-शर्टऐवजी कोणी ती अख्खी रात्रच विकायला ठेवली तर? तुम्ही आत्ता ऐकलेली गाणी, त्याच क्रमानं, मधल्या गप्पांसकट. आणि हो, कोरसमध्ये तुम्ही बेसूर ओरडलात ना, तेही त्यात कुठंतरी असणारच!

क्लबच्या दारात सीडीचा स्टॉल

नेमका हाच फंडा घेऊन क्लिअर चॅनल ही अमेरिकी कंपनी २००३ मध्ये बोस्टनच्या छोट्या क्लबांमध्ये उतरली. नाव ठेवलं ‘इन्स्टंट लाइव्ह’. शो संपल्यावर काही मिनिटांत सीडी तयार. त्याच सुमाराला ‘डिस्कलाइव्ह’ नावाची एक छोटी कंपनीही याच धंद्यात आली. किंमत साधारण पंधरा ते पंचवीस डॉलरच्या घरात, म्हणजे टी-शर्टच्या आसपासच.

हे जमायचं कसं? ऐकायला जादू वाटते, पण काम एकदम हमालीचं. स्टेजवरच्या प्रत्येक माइकचा आणि गिटारचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरकडे जातच असतो. रेकॉर्डिंगवाले तिथूनच आपली वेगळी लाइन घ्यायचे. पण नुसती ती लाइन ऐकली तर शो रिकाम्या हॉलमध्ये झाल्यासारखा वाटतो. म्हणून प्रेक्षकांच्या दिशेनं वेगळे माइक लावायचे. टाळ्या, शिट्ट्या, गलका, सगळं त्यातून यायचं. हे दोन्ही आवाज एकत्र करणारा माणूस शो चालू असतानाच मिक्सिंग करायचा. त्याला दुसरा टेक नाही!

खरी कसरत पुढे होती. एका सीडीत फार तर ८० मिनिटं मावतात आणि रॉक शो दोन तास सहज चालतो. म्हणजे दोन सीडी. मग पहिल्या तासाभराचा माल तयार झाला की बँड स्टेजवर गात असतानाच मागच्या खोलीत पहिली सीडी छापायला घ्यायची. एका वेळी अनेक कॉप्या काढणाऱ्या बर्नरच्या चळती लावलेल्या असायच्या. शेवटचं गाणं संपलं की उरलेली दुसरी सीडी. प्रत्येक गाणं कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं याची खूण एक जण त्याच वेळी करत जायचा. नाही तर घरी गेल्यावर आवडतं गाणं शोधायला तुम्ही फॉरवर्डचं बटण दाबत बसाल! ही खुणेची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं.

चार महिने ते चार मिनिटं

या धंद्यानं काय बदललं ते बघायला एकच बँड पुरे. ऑलमन ब्रदर्स बँड. यांनी मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये शो केले. त्यातून निवडलेली गाणी ‘ॲट फिलमोर ईस्ट’ या अल्बममध्ये त्याच वर्षी जुलैमध्ये बाजारात आली. रॉकमधल्या सर्वांत नावाजलेल्या लाइव्ह अल्बमांपैकी हा एक. पण चाहत्यांना चार महिने थांबावं लागलं आणि मिळालं काय? अनेक शोंमधलं वेचून, कापून, जुळवून काढलेलं सर्वोत्तम.

याच बँडनं २००३ पासून ‘इन्स्टंट लाइव्ह’च्या सीडी शोच्या ठिकाणीच विकायला सुरुवात केली. कापाकापी नाही, निवड नाही. जे झालं ते झालं! गिटारची तार बेसूर लागली तर तीही आत. गायक ओळ विसरला तर तेही आत. रेकॉर्ड कंपन्या पूर्वी जे झाकून ठेवायच्या, तेच इथं विकलं जात होतं. कारण घेणाऱ्याला सर्वोत्तम शो नको होता. त्याला *आपला* शो हवा होता.

बँडांनाही हे पटलं, कारण हिशेब सोपा होता. दुकानात विकल्या जाणाऱ्या सीडीतून दुकानदार, वितरक आणि रेकॉर्ड कंपनी यांचे वाटे गेल्यावर कलाकाराच्या हाती फार थोडं उरतं. इथं गिऱ्हाईक समोर उभं, जाहिरातीचा खर्च नाही, गोदाम नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे पिक्सीज. १९९३ मध्ये फुटलेला हा बँड. हिट गाण्यांपेक्षा त्याचा दबदबाच मोठा. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ लिहिताना आपण पिक्सीजचीच नक्कल करत होतो, असं निर्वाणाच्या कर्ट कोबेननं एका मुलाखतीत कबूल केलं होतं. अकरा वर्षांनी, एप्रिल २००४ मध्ये पिक्सीज मिनिॲपोलिसच्या एका क्लबात पुन्हा एकत्र उभे राहिले. त्या टूरच्या शोंच्या सीडी ‘डिस्कलाइव्ह’नं काढल्या आणि त्याही मोजक्या, प्रत्येक शोच्या साधारण हजार. ज्यांनी अकरा वर्षं वाट बघितली होती, त्यांच्यासाठी ती नुसती सीडी राहिली नाही. ‘मी तिथं होतो’ याचा तो पुरावा झाला.

बुटात लपवलेली बाटली

कंपन्यांना आयडिया सुचली २००३ मध्ये, पण चाहते हे काम कितीतरी आधीपासून करत होते. फुकट आणि चोरून! परवानगीशिवाय काढलेल्या रेकॉर्डिंगला म्हणतात ‘बूटलेग’. शब्द मूळचा दारूच्या चोरट्या धंद्यातला, बुटात लपवून नेलेल्या बाटलीवरून आलेला. नोव्हेंबर १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सनं ऑकलंडला केलेला शो कोणीतरी प्रेक्षकांतून टेप केला आणि त्याची चोरटी रेकॉर्ड त्याच वर्षअखेरीला विकायला आली. बँडचा त्याच टूरचा अधिकृत लाइव्ह अल्बम यायला सप्टेंबर १९७० उजाडला. चोरानं मालकाला आठ-नऊ महिन्यांनी मागे टाकलं!

बहुतेक बँड असल्या टेपवाल्यांच्या मागे हात धुऊन लागले. ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियाचा बँड मात्र वेगळ्याच मातीचा. चाहते माइकच्या काठ्या उंच धरून टेप करायचे आणि मागच्यांना स्टेज दिसायचं नाही. तक्रारी वाढल्या. बँडनं टेपवाल्यांना हाकलून दिलं नाही. त्यांना बसायला वेगळी जागा दिली! ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीला हे पहिल्यांदा झालं. अट एकच. टेप एकमेकांना द्या, बदला, पण विकू नका.

झालं काय, की या टेप हातोहात देशभर फिरल्या. ऐकलेला प्रत्येक जण पुढच्या शोचं तिकीट काढायला धावला. डेडच्या मे १९७७ मधल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या शोची टेप तर इतकी फिरली, की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती जपून ठेवण्याजोग्या राष्ट्रीय रेकॉर्डिंगच्या यादीत घेतली. आणि गंमत म्हणजे तोपर्यंत ती अधिकृतपणे बाजारात आलेलीच नव्हती! तो शो अल्बम म्हणून आला २०१७ मध्ये, पूर्ण चाळीस वर्षांनी.

बहात्तर शो, आणि एक न आलेला

बूटलेगवाल्यांना त्यांच्याच खेळात हरवायचं कसं, हे दाखवलं पर्ल जॅमनं. या बँडनं २००० सालच्या टूरचे जवळजवळ सगळे शो स्वतःच बाजारात आणले. साधी पुठ्ठ्याची पाकिटं, ना फोटो ना तामझाम, पण आवाज थेट मिक्सरवरचा. मग गल्लीतली खरखरीत चोरटी सीडी दुप्पट पैसे देऊन कोण घेणार? एकूण ७२ अल्बम आले. युरोपातले २५ शो सप्टेंबर २००० मध्ये एकदम आले आणि त्यांतले पाच एकाच आठवड्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत घुसले. एकाच बँडचे पाच नवे अल्बम, एका झटक्यात!

पण त्या २५ मध्ये एक रात्र नाही. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम गात असताना गर्दी पुढे लोटली आणि चेंगराचेंगरीत नऊ चाहत्यांचा जीव गेला. बँडनं युरोपातले उरलेले शो रद्द केले. तो शो त्यांनी विकायला काढला नाही.

सगळं काही रेकॉर्ड होतं, सगळं काही विकता येतं, अशा धंद्यात हे एक न निघालेलं पाकीट खूप काही सांगून जातं. रात्र ज्यांची होती, ती विकायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं. बँडनं तेव्हा हे ठरवू शकला, कारण रेकॉर्डिंग कसं आणि कधी बाहेर काढायचं हे त्याच्या हातात होतं. पुढच्या चार वर्षांत नेमकं हेच धोक्यात आलं.

पेटंटची पंगत

क्लिअर चॅनल म्हणजे काय प्रकरण होतं हे आधी समजून घ्या. २००४ च्या सुमाराला अमेरिकेतली बाराशेच्या आसपास रेडिओ स्टेशनं या एका कंपनीची. देशभरातली कितीतरी थिएटरं आणि मैदानं तिच्या ताब्यात. टूर भरवणारी मोठी कंपनीही तीच. म्हणजे गाणं वाजवणार ती, शो ठेवणार ती, दार उघडणारही ती!

२००३ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं होतं. लाइव्ह कार्यक्रम रेकॉर्ड करायचा, तो चालू असतानाच त्यात गाण्यागाण्यांच्या खुणा करायच्या आणि लगेच कॉप्या काढायच्या, अशी ती पद्धत. हो, त्या मघाच्या खुणा! क्लिअर चॅनलनं हे पेटंट विकत घेतलं आणि २००४ मध्ये हक्क सांगायला सुरुवात केली. शो संपताच सीडी विकायची असेल तर आमचं लायसन्स घ्या.

जरा डोळ्यांसमोर आणा. स्टेजवर गाणार तुम्ही, गाणी तुमची, चाहते तुमचे. आणि त्याच रात्रीची सीडी दारात विकायची तर तिसऱ्याला विचारायचं! ‘डिस्कलाइव्ह’सारख्या छोट्या कंपन्यांचं तर दुकानच बंद व्हायची वेळ.

मग मैदानात उतरली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था. तिनं २००४ मध्ये दहा ‘नकोशा’ पेटंटची यादी काढली, त्यात हे होतं. पेटंटचा नियम साधा असतो. गोष्ट नवी हवी. आधी कोणी केली असेल तर पेटंट टिकत नाही. संस्थेनं शोधाशोध केली आणि सापडलं, की टेलेक्स नावाच्या कंपनीनं अशीच यंत्रणा पेटंटच्या अर्जाच्या वर्षभराहून आधी तयार केली होती. पुरावे पेटंट ऑफिसकडे गेले. फेरतपासणी झाली. २००७ मध्ये पेटंट रद्द करायचा निर्णय आला. तोवर क्लिअर चॅनलचा कॉन्सर्टचा धंदा वेगळा काढून लाइव्ह नेशन ही नवी कंपनी झाली होती, त्यामुळे हार आली ती तिच्या वाट्याला.

निकाल चाहत्यांच्या बाजूनं लागला. पण कंपनी छोटी झाली का? छे! २०१० मध्ये लाइव्ह नेशन आणि तिकिटं विकणारी टिकिटमास्टर एक झाल्या. ज्या टिकिटमास्टरविरुद्ध पर्ल जॅमनं १९९४ मध्ये सरकारकडे तक्रार केली होती, तीच! मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं या जोडकंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. सीडीची लढाई संपली, पण ‘त्या रात्रीचा मालक कोण?’ हा प्रश्न तिकिटाच्या खिडकीवर अजून उभाच आहे.

सीडी गेली, सवय राहिली

दरम्यान सीडीच मागे पडली. दाराशी रांग लावण्यापेक्षा घरी जाऊन डाउनलोड करणं सोपं झालं. फिश या बँडनं २००२ च्या अखेरीलाच ही वाट धरली होती. शोनंतर ४८ तासांच्या आत पूर्ण रेकॉर्डिंग डाउनलोडला हजर. मेटॅलिकानंही २००४ पासून आपले शो असे विकायला काढले. गाणी फुकट वाटली म्हणून २००० मध्ये नॅपस्टरवर खटला भरणारी ती हीच मेटॅलिका बरं का! ब्रूस स्प्रिंगस्टीननं २०१४ च्या टूरमध्ये सीडीऐवजी मनगटात घालायचा यूएसबी पट्टा विकला. आज ‘नग्ज’सारख्या सेवेवर महिन्याचे पैसे भरले की अनेक बँडांचे शेकडो शो ऐकता येतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर ही हौस रॉकच्या आधीची! शास्त्रीय संगीताच्या बैठकीत पहिल्या रांगेत स्पूलचा टेप रेकॉर्डर मांडीशी घेऊन बसणारे रसिक तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना नक्की आठवतील. कधी बुवांच्या परवानगीनं, कधी ‘ते मशीन बंद करा’ असा आवाज येईपर्यंत. त्या टेपवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी, असं करत खाजगी मैफली घरोघर फिरल्या. कंपनीच्या रेकॉर्डवर वीस मिनिटांत बसवलेला राग तासभर कसा उलगडतो, हे कित्येकांना या खरखरीत टेपमधूनच कळलं. फक्त एक गोष्ट राहिली. त्या फिरत्या टेपचे पैसे गाणाऱ्यांपर्यंत सहसा पोचलेच नाहीत. तात्काळ सीडीवाल्यांनी निदान तो हिशेब तरी मांडला.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला तेव्हाचं दृश्य आठवा. हजारो हात वर आणि प्रत्येक हातात मोबाइल. २६ जानेवारीचा अहमदाबादचा शो तर घरबसल्या लाइव्ह बघायला मिळाला. म्हणजे आता रेकॉर्डिंगची वाण नाही. उलट अजीर्ण झालंय! फोनमध्ये हलणारे, फाटक्या आवाजाचे चाळीस व्हिडिओ पडून असतात. त्यातले किती आपण पुन्हा उघडले, सांगा बरं?

इथंच ती दारात मिळणारी सीडी हुशार होती. ‘रेकॉर्डिंगचं आम्ही बघतो, तू हात मोकळे ठेव आणि नाच,’ हे तिचं खरं गिऱ्हाइकी वाक्य. रात्र जपायचं काम ज्याला जमतं त्याच्याकडे, पैसे ज्याचे त्याला, आणि रात्र जगायचं काम आपल्याकडे. पुढच्या कॉन्सर्टला बँड स्वतःचं रेकॉर्डिंग देणार असेल, तर एवढं करून बघा. फोन खिशात, हात वर!

पहिल्यांदा ऐकताय? इथून सुरुवात करा

• ‘ॲट फिलमोर ईस्ट’ (१९७१) – ऑलमन ब्रदर्स. निवडून, जुळवून काढलेला लाइव्ह अल्बम कसा असतो ते इथं कळेल. रविवार सकाळ आणि कडक चहा मस्ट!

• कॉर्नेल, मे १९७७ – ग्रेटफुल डेड. गाणी लांबलचक आहेत, ऑफिसला जाताना लोकलमध्ये ऐका. कर्जत गाडी असेल तर उत्तम.

• पर्ल जॅमचा २००० मधला कोणताही शो – एक नाही, दोन घ्या. एकच गाणं दोन शहरांत किती वेगळं वाजलंय ते लागोपाठ ऐका. ‘प्रत्येक शो का विकत घ्यायचा?’ या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळेल.

• तुम्ही स्वतः गेला होतात तो शो – मिळत असेल तर सगळं सोडून आधी हाच. आवाज थोडा इकडेतिकडे असेल, चालेल. गलक्यात तुम्ही आहात!